संसदीय छाननी : नंदुरबारचा अनुभव

सरकारचे धोरण, विधेयके, खर्च आणि परदेशांशी किंवा आंतरराष्ट्रीय संस्थांशी होणारे करार यांची लोकप्रतिनिधींनी सभागृहात व समित्यांमध्ये केलेली तपासणी म्हणजे संसदीय छाननी. महाराष्ट्राच्या वायव्य टोकाला असलेल्या नंदुरबार जिल्ह्याचा या विषयाशी निकटचा संबंध आहे. आधार क्रमांकांचे पहिले वाटप याच जिल्ह्यातील टेंभली गावात झाले आणि सरदार सरोवरात बुडालेली महाराष्ट्रातील गावे याच जिल्ह्यातील आहेत. वनहक्क आणि बियाण्यांवरील शेतकऱ्यांचे हक्क हे प्रश्नही येथील रोजच्या जगण्याचे आहेत. या चार प्रकरणांतून छाननी निर्णयाआधी झाली तर काय घडते आणि नंतर झाली तर काय उरते, हे स्पष्ट होते.

घटनात्मक चौकट

अनुच्छेद ७५ नुसार मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते. केंद्र सरकारचा कार्यकारी अधिकार किती, हे अनुच्छेद ७३ सांगतो. ज्या विषयांवर संसदेला कायदा करता येतो त्या विषयांत, आणि करारांमुळे भारताला मिळणारे हक्क बजावण्यासाठी, सरकार पाऊल उचलू शकते. त्यासाठी दर वेळी आधी कायदा असलाच पाहिजे, असे बंधन नाही. म्हणून मोठ्या योजना केवळ अधिसूचनेने सुरू होऊ शकतात आणि करारांवर सह्या होऊ शकतात. नागरिकांच्या हक्कांना बाधा येत असेल किंवा प्रचलित कायदा बदलावा लागत असेल, तर मात्र संसदेचा कायदा लागतो.

करार करणे व ते अमलात आणणे हा विषय सातव्या अनुसूचीतील संघसूचीच्या १४ व्या नोंदीत आहे. अनुच्छेद २५३ मुळे करार पाळण्यासाठी संसद राज्यांच्या अखत्यारीतील विषयांवरही कायदा करू शकते. करारांना संसदेने आधी मान्यता द्यावी, अशी अट घटनेत नाही. देशाचा भूभाग दुसऱ्या राष्ट्राला देण्याचा करार हा याला अपवाद आहे. त्यासाठी घटनादुरुस्ती लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये बेरुबारी प्रकरणात सांगितले. अमेरिकेत करारासाठी सिनेटचे दोनतृतीयांश मत लागते. ब्रिटनमध्ये २०१० च्या कायद्याने करार मंजुरीपूर्वी २१ बैठक-दिवस संसदेपुढे ठेवावा लागतो.

छाननीची साधने अनेक आहेत. प्रश्नोत्तरे, चर्चा, कपात सूचना आणि सरकारने दिलेली आश्वासने तपासणारी समिती ही सभागृहाची साधने होत. लोकलेखा समिती महालेखापरीक्षकांच्या अहवालांवर काम करते, तर अंदाज समिती खर्चाच्या योजना पाहते. १९९३ पासून खात्यांशी संलग्न स्थायी समित्या आहेत. आरंभी त्या १७ होत्या, २००४ मध्ये २४ झाल्या. प्रत्येकीत ३१ सदस्य असतात. एखाद्या विधेयकासाठी दोन्ही सभागृहांची संयुक्त समितीही नेमता येते. बहुतेक समित्यांचे काम बंद दाराआड चालते, त्यामुळे सदस्य पक्षादेशापेक्षा विषयाकडे अधिक पाहू शकतात. त्यांच्या शिफारशी मात्र सरकारवर बंधनकारक नसतात.

जिल्ह्याची स्थिती

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) हे त्याचे सहा तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १६,४८,२९५ होती आणि तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा हे येथील प्रमुख समाज. जिल्ह्याचा मोठा भाग पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात मोडतो. संसदेचा एखादा कायदा अशा क्षेत्राला लागू करू नये किंवा फेरफारासह लागू करावा, असा आदेश राज्यपाल देऊ शकतात. या क्षेत्राच्या प्रशासनाचा अहवालही ते राष्ट्रपतींना पाठवतात. म्हणजे संसदेच्या नजरेखेरीज दुसरी एक घटनात्मक नजर या भागासाठी राखून ठेवलेली आहे. नंदुरबार लोकसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. माणिकराव गावित १९८१ च्या पोटनिवडणुकीपासून सलग नऊ वेळा येथून निवडून आले.

नर्मदेकाठची गावे आणि १०७ क्रमांकाचा करार

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९५७ मध्ये आदिवासी व मूलनिवासी जनतेविषयीचा १०७ क्रमांकाचा करार संमत केला आणि भारताने तो १९५८ मध्ये मंजूर केला. आदिवासी परंपरेने वापरत असलेल्या जमिनीवरील त्यांची सामूहिक वा वैयक्तिक मालकी मान्य करावी, असे त्याचे अकरावे कलम सांगते. बाराव्या कलमानुसार त्यांना संमतीशिवाय हलवू नये. राष्ट्रीय विकासासारख्या अपवादात्मक कारणाने हलवावे लागले, तर निदान तितक्याच प्रतीची जमीन द्यावी. या करारातील जमिनीविषयीची तत्त्वे विस्थापितांना लागू करणारा स्वतंत्र कायदा मात्र त्यानंतर कित्येक दशके झाला नाही.

नर्मदा जलविवाद लवादाचा निवाडा १९७९ मध्ये अमलात आला आणि १९८५ मध्ये नर्मदेवरील सरदार सरोवर धरणासाठी जागतिक बँकेशी सुमारे ४५ कोटी डॉलरचा कर्जकरार झाला. अशा कर्जकरारालाही संसदेची पूर्वमान्यता लागत नाही. सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्रातील अक्राणी व अक्कलकुवा या तालुक्यांतील ३३ गावे येत होती. त्यातील मणिबेली हे पहिले गाव. येथील अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या कसत असलेली जमीन सरकारी दप्तरात वनजमीन होती, म्हणून कसणारे अतिक्रमणदार ठरले. निवाड्यातील जमिनीच्या बदल्यात जमीन या तरतुदीचा लाभ त्यांना आपोआप मिळत नव्हता. १०७ क्रमांकाच्या कराराने मान्य केलेला हक्क आणि तलाठ्याच्या दप्तरातील नोंद यांत असे उभे अंतर होते.

लोकांच्या दीर्घ संघर्षानंतर बँकेने १९९१ मध्ये ब्रॅडफोर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र आढावा मंडळ नेमले. जून १९९२ मधील त्याच्या अहवालाने पुनर्वसन व पर्यावरण या दोन्ही बाबींतील उणिवा मांडल्या, १०७ क्रमांकाच्या कराराचा आधार घेतला आणि बँकेने मागे सरावे असे सुचवले. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज नाकारले. ज्या तपासणीची अपेक्षा देशाच्या प्रतिनिधिगृहाकडून करावी ती वॉशिंग्टनमधील कर्ज देणाऱ्या संस्थेच्या मंडळाने केली, आणि तीही धरणाचे काम सुरू होऊन गेल्यावर. १८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने बांधकामाला परवानगी दिली. बाराव्या कलमाचा विचार करूनही विस्थापनाने आपोआप हक्कभंग होत नाही, असे बहुमताने म्हटले. न्या. भरुचा यांनी भिन्नमत दिले.

जागतिक व्यापार संघटना आणि बियाणे

जागतिक व्यापार कराराच्या डंकेल मसुद्याची तपासणी १९९३ मध्ये इंद्रकुमार गुजराल यांच्या अध्यक्षतेखालील वाणिज्यविषयक स्थायी समितीने केली होती. एप्रिल १९९४ मध्ये माराकेश येथे करारावर सही झाली आणि १ जानेवारी १९९५ पासून भारत जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य झाला. सही सरकारची होती, पण अंमलबजावणीसाठी कायदे हवे होते. १९९५ मध्ये पेटंट दुरुस्तीचे विधेयक राज्यसभेत अडले, यावरून संसदेच्या हाती किती ताकद असते ते दिसले.

बौद्धिक संपदेच्या कराराने वनस्पतींच्या वाणांना पेटंट किंवा स्वतंत्र परिणामकारक संरक्षण देणे बंधनकारक केले. डिसेंबर १९९९ च्या विधेयकात वाण विकसित करणाऱ्यांच्या हक्कांवर भर होता. साहिबसिंग वर्मा यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त समितीने ऑगस्ट २००० मध्ये अहवाल दिला आणि शेतकऱ्यांच्या हक्कांना स्वतंत्र प्रकरण मिळाले. २००१ च्या कायद्याच्या ३९ व्या कलमाने शेतकऱ्याला बियाणे राखणे, पेरणे, पुन्हा पेरणे, अदलाबदल करणे आणि विकणे हे हक्क दिले. ब्रँडच्या नावाने विक्री तेवढी वगळली. शेतकऱ्यांनी जपलेले वाण त्यांच्या नावे नोंदवण्याची सोयही झाली. धडगाव परिसरात मका व ज्वारीच्या देशी वाणांचे जतन बाएफ या संस्थेच्या मदतीने झाले आहे. अशा वाणांना कायद्यात जागा आहे ती या समितीच्या कामामुळे.

वनहक्क कायदा

१३ डिसेंबर २००५ रोजी लोकसभेत अनुसूचित जमातींच्या वनहक्कांचे विधेयक मांडले गेले आणि किशोरचंद्र देव यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त समितीकडे गेले. मूळ विधेयकात वनजमिनीवरील ताबा २५ ऑक्टोबर १९८० पूर्वीचा असावा, अशी अट होती. समितीने मे २००६ मधील अहवालात ही तारीख १३ डिसेंबर २००५ पर्यंत पुढे आणावी, इतर पारंपरिक वननिवासींना सामावून घ्यावे आणि ग्रामसभेचे अधिकार वाढवावेत, असे सुचवले. ग्रामसभेबाबतच्या शिफारशी सरकारने पूर्ण स्वीकारल्या नाहीत, पण तारीख आणि लाभार्थींची व्याप्ती बदलली. २००६ च्या डिसेंबरात कायदा झाला. सातपुड्याच्या उतारावर १९८० नंतर कसायला घेतलेल्या जमिनीचा दावा ग्रामसभेपुढे मांडता येतो तो या बदललेल्या तारखेमुळे. नर्मदेकाठी जी नोंद लोकांच्या विरोधात गेली होती, ती दुरुस्त करण्याचा मार्ग समितीच्या एका दुरुस्तीने रुंद केला.

टेंभली आणि आधार

भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरण २८ जानेवारी २००९ रोजी नियोजन आयोगाच्या अधिसूचनेने स्थापन झाले. २९ सप्टेंबर २०१० रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत टेंभलीच्या रहिवाशांना पहिले बारा अंकी क्रमांक देण्यात आले. त्या दिवशी आधारसाठी कायदा नव्हता. विधेयक राज्यसभेत मांडले गेले ते ३ डिसेंबर २०१० रोजी, टेंभलीच्या कार्यक्रमानंतर दोन महिन्यांनी.

विधेयक यशवंत सिन्हा यांच्या अध्यक्षतेखालील अर्थविषयक स्थायी समितीकडे गेले. १३ डिसेंबर २०११ रोजी सादर झालेल्या ४२ व्या अहवालात समितीने ते आहे त्या रूपात अमान्य केले. योजनेच्या उद्दिष्टांत स्पष्टता नाही, राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीशी तिचे काम दुहेरी होते आणि माहितीच्या संरक्षणाचा कायदा नाही, असे समितीचे आक्षेप होते. अंगमेहनत करणाऱ्यांचे बोटांचे ठसे जुळतील का, ही शंकाही अहवालात होती. ब्रिटनने आपली ओळखपत्र योजना गुंडाळल्याकडे समितीने लक्ष वेधले. कायदा प्रलंबित असताना योजना चालवणे म्हणजे संसदेच्या अधिकाराचा अवमान आहे, असे तिचे मत होते. काही सदस्यांनी भिन्नमत नोंदवले. नोंदणी मात्र थांबली नाही.

पुढे ३ मार्च २०१६ रोजी नवे विधेयक धन विधेयक म्हणून लोकसभेत आले. ते स्थायी समितीकडे गेले नाही. धन विधेयकावर राज्यसभा केवळ शिफारशी करू शकते, आणि विधेयक धन विधेयक आहे की नाही याचा निर्णय लोकसभेच्या अध्यक्षांचा असतो. त्या वेळी सुमित्रा महाजन अध्यक्ष होत्या. ११ मार्चला लोकसभेने विधेयक संमत केले. राज्यसभेने जयराम रमेश यांनी मांडलेल्या पाच दुरुस्त्यांसह ते १६ मार्चला परत पाठवले आणि त्याच दिवशी लोकसभेने त्या फेटाळल्या.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्या विचारात भारताने १९७९ मध्ये स्वीकारलेल्या नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचाही आधार होता. २६ सप्टेंबर २०१८ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने आधार कायदा वैध ठरला. मात्र खासगी कंपन्यांना वापराची मुभा देणारा ५७ व्या कलमातील भाग रद्द झाला. राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाने माहिती देण्याची ३३ (२) ही तरतूद तिच्या तेव्हाच्या रूपात टिकली नाही. मुलांना सज्ञान झाल्यावर बाहेर पडण्याची मुभा मिळाली. या तिन्ही बाबी राज्यसभेच्या फेटाळलेल्या दुरुस्त्यांच्या आसपासच्याच होत्या : ५७ वे कलम वगळणे, सुरक्षेची तरतूद आवळणे आणि योजनेतून बाहेर पडण्याचा हक्क देणे. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी भिन्नमतात धन विधेयकाचा मार्ग हीच घटनेची फसवणूक मानली. नोव्हेंबर २०१९ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या पीठाने धन विधेयकाचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला.

मूल्यमापन

बियाणे आणि वनहक्क या प्रकरणांत समिती कायद्याआधी बसली, लोकांनी तिच्यापुढे म्हणणे मांडले आणि कायद्याचे शब्द बदलले. नर्मदा आणि आधार या प्रकरणांत सरकारचे पाऊल आधी पडले होते. आधारच्या बाबतीत स्थायी समितीचा परखड अहवालही योजना थांबवू शकला नाही. राज्यसभेने जे सुचवले त्यातील बरेच अडीच वर्षांनी न्यायालयाकडून मिळवावे लागले. न्यायालयात दाद मागण्याचा खर्च आणि काळ ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी संसदीय छाननी हाच जवळचा उपाय आहे. धडगावच्या पाड्यावरील माणसाला ती सर्वांत अधिक हवी असते.

प्रत्यक्षात विधेयके समित्यांकडे पाठवण्याचे प्रमाण घटले आहे. पंधराव्या लोकसभेत ते सुमारे ७१ टक्के होते, सतराव्या लोकसभेत सुमारे १६ टक्क्यांवर आले. करारांबाबत घटनेच्या कार्याचा आढावा घेणाऱ्या राष्ट्रीय आयोगाने २००१ मध्ये चर्चापत्र काढून संसदेच्या सहभागाचा प्रश्न मांडला होता. संघसूचीतील १४ व्या नोंदीखाली करार कसे करावेत याचा सर्वसाधारण कायदा करण्याचा अधिकार संसदेला आहे, पण तो तिने वापरलेला नाही. लोकांची जमीन, बियाणे, ओळख वा वस्ती ज्याने बदलते असा प्रत्येक करार मंजुरीपूर्वी संसदेच्या समितीपुढे यावा, कायद्यावाचून योजना सुरू होऊ नये, आणि अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांचे म्हणणे त्या समितीच्या नोंदीत असावे. एवढे झाले तर छाननीचा लाभ सातपुड्यातील पाड्यांपर्यंत वेळेवर पोचेल.