मुष्टियुद्धाचे जगज्जेते : तुलना कोणाची आणि कशाच्या आधारे?

१/
२० जानेवारी १९७०. अमेरिकेतील चित्रपटगृहांत एक लढत दाखवली गेली. एका बाजूला रॉकी मार्सियानो, दुसऱ्या बाजूला मुहम्मद अली. दोघेही हेवीवेट गटाचे अपराजित जगज्जेते, पण काळ वेगवेगळे. पडद्यावर मार्सियानो ठोसे मारत होता. प्रत्यक्षात ३१ ऑगस्ट १९६९ रोजी विमान अपघातात त्याचा मृत्यू झालेला होता.

२/
ही लढत खरी नव्हती. १९६९ मध्ये दोघांनी स्टुडिओत फेऱ्यांचा अभिनय केला. निकाल मात्र संगणकाने द्यायचा होता. दोघांच्या कारकिर्दीची माहिती यंत्रात भरण्यात आली. अमेरिकन प्रेक्षकांनी तेराव्या फेरीत अली कोसळताना पाहिला. युरोपात दाखवलेल्या आवृत्तीत अली जिंकला. यंत्र एकच, निकाल दोन.

३/
याच निर्मात्याने १९६७ मध्ये रेडिओवर सर्व काळांतील जगज्जेत्यांची काल्पनिक स्पर्धा घेतली होती. तीत अली जेम्स जेफ्रीजकडून हरला. संतापलेल्या अलीने दहा लाख डॉलरचा दावा ठोकला. हा केवळ अहंकार होता काय? जेफ्रीज कोण होता हे समजल्यावर त्या संतापाचा अर्थ उलगडतो. पण त्याआधी तुलनेतील साध्या अडचणी पाहू.

४/
पहिली अडचण नियमांची. ८ जुलै १८८९ रोजी जॉन एल. सलिव्हन आणि जेक किलरेन उघड्या मुठींनी ७५ फेऱ्या लढले. त्या नियमांत योद्धा जमिनीवर पडला की फेरी संपे आणि प्रतिस्पर्ध्याला उचलून आपटण्याचीही मुभा असे. तीनच वर्षांनी, १८९२ मध्ये, हातमोजे घालून तीन मिनिटांच्या फेऱ्यांत लढताना सलिव्हनने आपले पद जिम कॉर्बेटकडे गमावले.

५/
पुढेही फेऱ्यांची संख्या बदलत राहिली. १९१५ मध्ये हवाना येथील लढत ४५ फेऱ्यांची ठरली होती. ती सव्विसाव्या फेरीत संपली. नंतर १५ फेऱ्यांचा प्रघात पडला. १९८२ मध्ये दक्षिण कोरियाचा दुक कू किम लढतीतील मारामुळे मरण पावला आणि त्यानंतर मर्यादा हळूहळू १२ फेऱ्यांवर आली. ४५ फेऱ्यांसाठी लागणारा दम आणि १२ फेऱ्यांसाठी लागणारा वेग एकाच मापाने कसा मोजायचा?

६/
दुसरी अडचण वजनाची. मार्सियानो साधारण ८५ किलोचा. ४ जुलै १९१९ रोजी जेस विलार्डला लोळवणारा जॅक डेम्प्सीही तेवढाच. आज सुमारे ९१ किलोपर्यंतचे योद्धे क्रुझरवेट या वेगळ्या गटात लढतात. २०२० मध्ये टायसन फ्युरी सुमारे १२४ किलो वजनाने रिंगमध्ये उतरला. म्हणजे इतिहासातील कित्येक ‘हेवीवेट’ आज त्या गटात मोडणारच नाहीत.

७/
मग ‘अ ने ब ला हरवले, ब ने क ला, म्हणून अ श्रेष्ठ’ असे म्हणावे काय? १९७१ मध्ये जो फ्रेझियरने अलीला हरवले. १९७३ मध्ये जॉर्ज फोरमनने फ्रेझियरला दोनच फेऱ्यांत संपवले. १९७४ मध्ये किन्शासा येथे अलीने त्याच फोरमनला आठव्या फेरीत आडवे केले. एकाच काळातील तिघांचीही साखळी जुळत नाही. मग शतकापलीकडची कशी जुळावी?

८/
याहून खोल अडचण नोंदीतच दडलेली आहे. जगज्जेत्याची नोंद म्हणजे तो ज्यांच्याशी लढला त्यांची यादी. ज्यांना त्याच्यासमोर उभेच राहू दिले नाही, त्यांची नावे त्या यादीत नसतात. सलिव्हनने कृष्णवर्णीय प्रतिस्पर्ध्यांशी लढण्यास उघड नकार दिला होता. त्यामुळे ऑस्ट्रेलियात नावारूपाला आलेल्या पीटर जॅक्सनला जगज्जेतेपदाची संधी मिळाली नाही.

९/
जॅक्सनची योग्यता किती होती? २१ मे १८९१ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे तो कॉर्बेटशी ६१ फेऱ्या लढला आणि पंचांनी कोणालाही विजयी न ठरवता लढत थांबवली. पुढच्याच वर्षी कॉर्बेट जगज्जेता झाला. जॅक्सनशी त्याची पदासाठीची लढत कधीच झाली नाही.

१०/
आता जेफ्रीज. १८९९ ते १९०५ या काळातील हा जगज्जेता अपराजित राहून निवृत्त झाला. पण पदावर असताना त्यानेही कृष्णवर्णीय आव्हानवीरांना दूर ठेवले. २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनी येथे टॉमी बर्न्सला हरवून जॅक जॉन्सन पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता झाला, तेव्हा ‘गोऱ्यांची प्रतिष्ठा’ राखण्यासाठी जेफ्रीजला निवृत्तीतून परत आणण्यात आले.

११/
४ जुलै १९१० रोजी रेनो येथे जॉन्सनने त्याला पंधराव्या फेरीत पराभूत केले. त्याच रात्री अमेरिकेतील अनेक शहरांत दंगली उसळल्या आणि कृष्णवर्णीयांचे बळी गेले. १९१२ मध्ये मुष्टियुद्धाच्या चित्रफिती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यास कायद्याने बंदी आली. ती १९४० पर्यंत टिकली. इतिहासाचा पुरावाच असा रोखला गेला.

१२/
जेफ्रीजकडून ‘हरल्याचे’ ऐकून अली का भडकला, हे आता कळते. ज्याने कृष्णवर्णीयांना दार बंद केले, त्याच्या नोंदीत त्या बंद दाराची खूण नव्हती. फक्त विजय होते. यंत्राने ते विजय मोजले. शिवाय व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती होण्यास नकार दिल्याने १९६७ मध्ये अलीचे स्वतःचे पदही काढून घेण्यात आले होते.

१३/
मात्र ही कथा सरळ काळ्या-पांढऱ्या रंगांत रंगवता येत नाही. सॅम लँगफर्ड हा त्या काळातील अत्यंत धोकादायक योद्धा. १९०६ मध्ये जॉन्सनने त्याला १५ फेऱ्यांत गुणांवर हरवले होते. पण जगज्जेता झाल्यावर जॉन्सननेही त्याला पुन्हा संधी दिली नाही. तोही कृष्णवर्णीयच होता. दार बंद ठेवण्यामागे वर्णद्वेषाइतकाच पैसा आणि पद गमावण्याची भीतीही असे.

१४/
१९१५ मध्ये जॉन्सन हरला आणि दार पुन्हा घट्ट लागले. १९१९ ते १९२६ डेम्प्सी जगज्जेता होता. हॅरी विल्स हा त्याचा प्रमुख आव्हानवीर. त्यांच्या लढतीचा करारही झाला, लढत मात्र झाली नाही. तब्बल २२ वर्षे एकाही कृष्णवर्णीय योद्ध्याला हेवीवेट जगज्जेतेपदासाठी लढू दिले गेले नाही. २२ जून १९३७ रोजी जो लुईसने जेम्स ब्रॅडॉकला हरवले, तेव्हा ही कोंडी फुटली.

१५/
लुईसने २५ वेळा पद राखले. त्याच्यानंतर आलेल्या मार्सियानोची नोंद ४९ लढती, ४९ विजय. पण त्याचे मोठे प्रतिस्पर्धी उताराला लागलेले होते, असा आक्षेप घेतला जातो. १९५१ मध्ये त्याच्यासमोर उभा असलेला लुईस ३७ वर्षांचा होता. तरीही एक गोष्ट मार्सियानोच्या बाजूने नोंदवावी लागते : वॉलकॉट, चार्ल्स, मूर हे त्या काळातील अग्रगण्य कृष्णवर्णीय योद्धे त्याने टाळले नाहीत.

१६/
दारे केवळ वर्णाचीच नव्हती. क्यूबाने १९६२ मध्ये व्यावसायिक मुष्टियुद्धावर बंदी घातली. तेओफिलो स्टीव्हनसनने १९७२, १९७६ आणि १९८० अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली. अलीशी त्याची लढत कधीच झाली नाही. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर पूर्व युरोपचे योद्धे व्यावसायिक रिंगमध्ये आले आणि पुढे युक्रेनच्या क्लिच्को बंधूंनी हा गट दीर्घकाळ गाजवला.

१७/
म्हणून दोन काळांतील जगज्जेत्यांची तुलना करताना ‘कोण जिंकला असता’ यापेक्षा उत्तर देता येईल असे तीन प्रश्न विचारावेत. त्याच्या काळात आव्हान देण्याचा हक्क कोणाकोणाला होता? त्यांतील सर्वोत्तमांना तो सामोरा गेला का? आणि कोणाला टाळले गेले?

१८/
या कसोटीवर १९७० चे दशक वेगळे उठून दिसते; स्टीव्हनसनचा अपवाद वगळता अली, फ्रेझियर, फोरमन, नॉर्टन यांच्यातील बहुतेक लढती प्रत्यक्ष झाल्या; फ्रेझियर आणि नॉर्टन मात्र एकमेकांशी लढले नाहीत. डेम्प्सीचा पराक्रम खरा, तरी विल्सशी न झालेली लढत त्याच्या नावापुढे कायम प्रश्नचिन्ह ठेवते. आणि जॅक्सन, लँगफर्ड, विल्स यांची नावे जगज्जेत्यांच्या कोणत्याही यादीत नसली, तरी त्यांना वगळून केलेली तुलना अपुरीच राहते.