बांधाविना शिवार

नोव्हेंबर सरत आलाय. इंग्लंडमध्ये, नॉटिंगहॅमशरमधल्या लॅक्स्टन गावाबाहेर तुम्ही उभे आहात. बुटांना तांबडी चिकणमाती. समोर नुकता उगवलेला गहू दूरवर पसरलाय आणि मध्ये ना कुंपण, ना बांध. तरी हे शेत एकाचं नाही. कितीतरी शेतकऱ्यांच्या लांब पट्ट्या इथे शेजारी शेजारी आहेत.

आता मागे चला. 1635. मार्क पिअर्स हा मोजणीदार गावाचा नकाशा काढतोय. मालक आहेत लंडनचे व्यापारी सर विल्यम कोर्टन. नकाशात पट्टी न् पट्टी उतरतेय. शिवाय पवनचक्की, नांगरणारे, कापणी करणारेही. तुमच्या जवळून नांगर जातो. या भारी मातीत तो वळवणं जिकिरीचं, म्हणून तास लांबच लांब. 'फर्लांग' मुळात अशाच एका तासाची लांबी. चांगली जमीन आणि पाणथळ, दोन्ही सगळ्यांच्या वाट्याला यावीत म्हणून एकेकाच्या पट्ट्या विखुरलेल्या. म्हणूनच घरं शेतात नाहीत, गावातल्या रस्त्याच्या कडेला आहेत. शिवारं तीन: एकात गहू, दुसऱ्यात वसंतातली पेरणी, तिसरं पडीक. दरवर्षी पाळी फिरते.

आणखी मागे. गावाच्या उत्तरेला नॉर्मन लोकांनी रचलेली मातीची टेकडी, तिच्यावर गढी. आधीचा जमीनदार टोकी, त्याची जमीन आता जेफ्री अॅल्सलिन या नव्या धन्याकडे गेलीय. 1086 च्या 'डूम्सडे' या जमीन-नोंदवहीत तसं लिहिलंय. धनी बदलला, पण नांगर गावकऱ्यांच्याच हाती.

आता वेगाने पुढे या. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात संसदेचे कायदे इंग्लंडभरची अशी शिवारं कुंपणांत वाटून टाकतात. सामाईक चराई जाते आणि तिच्यावर जगणारी गरीब माणसं मजुरीला लागतात. लॅक्स्टनचं शिवारही आक्रसतं, पण तिन्ही शिवारं टिकतात.

ट्रॅक्टरच्या आवाजाने तुम्ही आजच्या दिवसात येता. ट्रॉलीतून गावातलेच शेतकरी उतरतात. आज ते ज्युरी आहेत. बांध नाही म्हणून बांध कोरण्याचा मोह सुटलेला नाही. कुणी नांगर गवताच्या सामाईक पट्टीत रेटला असेल, तर ते यांच्या नजरेतून सुटत नाही. ज्युरी हद्दीवर खुंट्या ठोकते. चुकणाऱ्याला गावाच्या न्यायसभेत दंड होतो.

हातोडी पडते, ओल्या मातीत खुंटी रुतते. पुढच्या वर्षी गव्हाची पाळी दुसऱ्या शिवाराची, खुंट्या तिथे ठोकाव्या लागतील. सामाईक जमीन टिकते ती अशी, दरवर्षी शेजाऱ्यांनी मिळून शिवार पायी फिरल्याने.