‘फा’ या चिनी अक्षरातील पाणी : अर्थ आणि उगम

प्रस्तावना : चिनी लिपीत कायद्यासाठी ‘फा’ हे अक्षर योजिले जाते. त्याच्या डाव्या बाजूस पाण्याचे तीन थेंब दर्शविणारी खूण असून उजव्या बाजूस ‘जाणे’ वा ‘दूर करणे’ या अर्थाचा घटक आहे. कायद्याच्या अक्षरात पाणी का असावे, हा प्रश्न केवळ व्युत्पत्तीचा नाही. प्राचीन चीनमध्ये कायदा हे समतेचे साधन मानले गेले की राजाज्ञेचे, या प्रश्नाशी तो निगडित आहे.

शू शेनचे स्पष्टीकरण : हान काळातील पंडित शू शेन याने इ.स. १०० मध्ये ‘शुओवेन जिएझी’ हा कोश पूर्ण केला. त्यात ‘फा’चा अर्थ ‘शिक्षा’ असा दिला आहे. अक्षराच्या जुन्या रूपात एका पौराणिक एकशिंगी पशूचे चिन्हही होते. कायदा पाण्यासारखा समतल असतो म्हणून पाणी, आणि तो पशू खटल्यातील खोट्या पक्षास शिंगाने ढकलून दूर करतो म्हणून पशू व ‘दूर करणे’, अशी उपपत्ती शू शेनने मांडली. तीच पुढे सर्वमान्य झाली.

पुराव्यांची साक्ष : तथापि कोरीव लेख वेगळे चित्र दाखवितात. पश्चिम चौ काळाच्या प्रारंभीच्या ‘दा यू’ या कांस्यपात्रावरील लेखात राजा आपली आज्ञा ‘टाकून देऊ नकोस’ असे बजावतो. तेथे ‘टाकून देणे’ या अर्थी हेच अक्षर आले आहे. १९७५ मध्ये हूपे प्रांतातील शुईहूदी येथे इ.स.पू. तिसऱ्या शतकातील छिन राज्याच्या कायद्यांच्या बांबूपट्ट्या सापडल्या. त्यांत हे अक्षर ‘कायदा’ आणि ‘टाकून देणे’ अशा दोन्ही अर्थांनी येते. दरम्यान ‘ग्वानझी’ या ग्रंथात मोजपट्टी, ओळंबा, वजने व मापे यांनाच ‘फा’ म्हटले आहे. म्हणजे सर्वांना सारखे लागू पडणारे प्रमाण ही कल्पना शू शेनच्या आधीच रुजली होती. समतल पाण्याची उपपत्ती याच विचाराची छाया असावी. अक्षराचा उगम तिने सिद्ध होत नाही.

भारतीय अनुबंध : बौद्ध ग्रंथांच्या चिनी अनुवादकांनी ‘धर्म’ या संज्ञेसाठी हेच अक्षर निवडले. इ.स. ३९९ मध्ये भारताकडे निघालेल्या फाहियानच्या नावातील ‘फा’ तोच होय. शिक्षेचा वाचक शब्द अशा रीतीने बुद्धवचनाचाही वाचक ठरला.

समारोप : शू शेनची उपपत्ती मूळ अर्थ म्हणून ग्राह्य धरता येत नाही, परंतु हानकालीन आदर्शाचा पुरावा म्हणून तिचे मोल मोठे आहे. कायदा प्रत्यक्षात कसा होता यापेक्षा तो कसा असावा, हेच त्या तीन थेंबांत शू शेनला दिसले.