चेतकचा खप का घटला?

श्रोतेहो, खप घटला की कामगाराकडे बोट दाखवायचे, ही रीत आम्हांस ठाऊक आहे. आकुर्डीच्या बजाज चेतकचेच पाहू. 1972 साली निघालेल्या या स्कूटरसाठी लोक नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबत. परवाना-पद्धतीने उत्पादनावर मर्यादा होती. रांग होती तोवर गिऱ्हाइकाची आवड जोखण्याची निकड कोणास भासणार? 1985 साली हीरो होंडाची फोर-स्ट्रोक सीडी 100 आली. पेट्रोल कमी पिणारी ती मोटारसायकल पगारदाराला महिन्याच्या हिशेबातच पटली. (शिवाय ती कलती करून किक मारावी लागत नसे!) स्कूटरच नकोशी झाली म्हणावे, तर होंडाची ॲक्टिव्हा पुढे देशभर खपली. गाडीचा नमुना कामगार ठरवीत नाही. कंपनीने 2009 साली स्कूटर सोडत असल्याचे जाहीर केले. त्याआधीच, 2007 साली, आकुर्डीतील वाहन-उत्पादन थांबून स्वेच्छानिवृत्तीचे कागद त्याच्या हाती आले होते.