बारादेवीची ओटी

आजीला मी एक फोटो पाठवला आणि तिचा एक देव बिघडवून ठेवला. चूक माझीच.

काळा घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात एका भल्यामोठ्या शिल्पाची प्रतिकृती आहे. मधोमध शांत उभा असलेला शिव. त्याच्यातून वर उगवलेला दुसरा, त्याच्याही वर तिसरा. झाडाला फांद्या फुटाव्यात तशा दोन्ही अंगांनी आणखी आकृत्या. खाली पायांशी वाद्यं घेऊन बसलेले बुटके गण. मूळ शिल्प परळचं आहे, हे तिथे वाचलं आणि मी चाटच पडलो. माझं आजोळ परळचं. फोटो काढून आजीला व्हॉट्सॲपवर पाठवला आणि खाली लिहिलं, ओळख कोण?

तिचा लगेच फोन आला. "अरे, ही आमची बारादेवी. तू कुठे गाठलीस?"

"देवी नाही गं, शिव आहे तो. इथे पाटीवर लिहिलंय."

थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग ती म्हणाली, "असं होय." आणि फोन ठेवला.

१९८२ च्या जानेवारीत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा आजोबा गिरणीत होते. घरात चार पोरं आणि पगार बंद. त्या वर्षी आजीने बारादेवीला ओटी बोलली. संप कधी संपला म्हणावं हेच कुणाला धड ठाऊक नाही, गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले, पण आजीची ओटी चुकली नाही. दर नवरात्रात खण, नारळ, तांदूळ. माझ्या फोटोनंतरच्या नवरात्रात मात्र खण कपाटातच राहिला. मी विचारलं तर म्हणाली, "शंकराची ओटी कशी भरायची रे? चाळीस वर्षं माझं चुकलंच म्हणायचं."

मला काय बोलावं सुचेना. तेव्हापासून ठरवलं, या शहरातल्या बाकीच्या जुन्या देवांचं काय झालं ते तरी बघून यायचं. लोकलचा पास होताच.

आधी परळचंच सांगतो. १९३१ साली परळ-शिवडी भागात रस्त्याचं काम चालू असताना ही शिळा जमिनीतून वर आली. दोन पुरुष उंचीची, एकसंध. शैलीवरून अभ्यासक ती पाचव्या शतकाच्या अखेरची किंवा सहाव्या शतकातली मानतात. म्हणजे घारापुरीच्या लेण्यांच्या आगेमागे. शिळेवर कुणाचं नाव नाही. काही भाग अर्धवट कोरलेला दिसतो. काम का थांबलं आणि ती मातीखाली कशी गेली, हे सांगणारा एकही कागद नाही. गिरणगावातल्या लोकांसमोर एक देव वर आला होता आणि त्याच्याबरोबर त्याचं नाव आलं नव्हतं. लोकांनी त्याला आपल्या बारादेवीच्या देवळात जागा दिली. आज ते संरक्षित शिल्प आहे आणि त्याची पूजाही होते.

मग घारापुरी. गेटवेवरून लाँचने तासाभरात बेटावर पोचतो. सोमवारी लेणी बंद असतात, मी पहिल्यांदा नेमका सोमवारीच गेलो होतो. मुख्य लेण्यातल्या त्रिमुखी सदाशिवाबद्दल मी काय सांगणार? साडेपाच मीटरच्या आसपास उंची आहे, पण समोर उभं राहिल्यावर आकडा आठवत नाही. डावीकडचा चेहरा उग्र, उजवीकडचा कोवळा, बाईमाणसाचा. मधला डोळे मिटून. बाहेर माकडं चिप्सची पाकिटं पळवत असतात, आणि आत शिरलं की माणसं आपोआप हळू बोलायला लागतात.

हे कुणी कोरलं? तर इथे नाव होतं. १५३४ साली वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. त्यांचाच इतिहासकार दियोगु दु कोतु लिहून गेला आहे, की देवळाच्या दारावर सुबक अक्षरांत कोरलेला एक शिलालेख होता. पोर्तुगीजांनी तो काढला. इथल्या हिंदू-मुसलमान जाणकारांना दाखवला, कुणालाच वाचता येईना. मग तो पोर्तुगालच्या राजाकडे, तिसऱ्या जुआंवकडे धाडला. तिथेही कुणाला लागला नाही. पुढे दगडच हरवला.

मला यातली पोर्तुगीजांची बाजू तितकीशी धक्कादायक वाटत नाही, जिंकणारे असंच करतात. पण सोळाव्या शतकात इथल्याही कुणाला ती अक्षरं वाचता आली नाहीत! हजार वर्षांत आपली लिपी आपल्यालाच परकी झाली होती. आता अभ्यासक अंदाज बांधतात तो बेटावर सापडलेल्या कलचुरी राजा कृष्णराजाच्या तांब्याच्या नाण्यांवरून. कुणी कोकणच्या मौर्यांचं नाव घेतात. मौर्यांच्या पुरी नावाच्या राजधानीवर चालुक्यांनी जहाजांचा ताफा आणून हल्ला केल्याचं ६३४ सालच्या ऐहोळेच्या शिलालेखात आहे, आणि ती पुरी म्हणजेच घारापुरी असं काहींचं मत आहे. सगळी मतंच.

बेटाच्या दुसऱ्या नावाची गंमत याहून वेगळी. तिथे दगडाचा एक मोठा हत्ती होता, म्हणून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. तो हत्ती इंग्लंडला न्यायचं घाटत होतं. १८६४ च्या सुमारास उचलायला गेले तेव्हा तो कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. पुढे ते जोडून त्याला भायखळ्याला उभं केलं. आज तो राणीच्या बागेच्या आवारात, भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी आहे. शाळेच्या सहलीत मी त्याच्याजवळ डबा खाल्ला होता. हा कोण ते तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. हत्ती भायखळ्यात, नाव मात्र बेटावरच राहिलं. या डॉ. भाऊ दाजींकडे आपल्याला परत यायचं आहे.

जोगेश्वरीला मी एका मंगळवारी गेलो. स्टेशनच्या पूर्वेला, दाट वस्तीच्या पोटात हे लेणं आहे. वॉल्टर स्पिंक या अभ्यासकाने त्याचा काळ साधारण ५२० ते ५५० असा धरला आणि भारतातलं हे पहिलं भव्य हिंदू लेणं असल्याचं मांडलं. म्हणजे घारापुरीच्याही आधीचं. पायऱ्या उतरून आत गेलो की अंधार, ओल आणि लांबच लांब दालन. दारांवरच्या भिंतींवर काय काय होतं: सारीपाट खेळणारे शिवपार्वती, कैलास हलवणारा रावण, नटराज, लग्नाचा प्रसंग. होतं असं म्हणतो, कारण दगड मऊ आहे आणि पाणी झिरपतंय. चेहरे विरघळून गेलेत. नीट माहीत असेल तरच रावणाचे हात ओळखू येतात. लेण्याच्या माथ्यावर लोकांची घरं झाली, सांडपाणी आत उतरलं, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. संरक्षित स्मारकाची निळी पाटी बाहेर आहे, पण पाणी पाटी वाचत नाही.

मधल्या गाभाऱ्याला चारही बाजूंनी दारं आहेत. तो कोरला गेला शिवासाठी. आज तिथे जोगेश्वरी देवी आहे, गावाला नाव देणारी. समोर बायकांची रांग होती. खण, नारळ, हळदकुंकू. एक आजीबाई माझ्यासमोर ओटी भरत होत्या आणि मी फोन हातात धरून तसाच उभा होतो. यांनाही सांगायचं का मी, की बाई, तुमचा हा मूळचा शिव?

त्या दालनात दिवा होता, फुलं होती, दोन मुलं शाळेचा अभ्यास करत बसली होती. जिथे कुणाचं काही काम नाही त्या भिंती काळवंडून गळत होत्या, आणि जिथे देवी आहे तिथली फरशी कुणीतरी सकाळीच पुसली होती. पूजेनेही नुकसान होतं हे मला माहीत आहे. तेल, शेंदूर, ऑइलपेंट, भिंतीवर ठोकलेल्या टाइल्स, हे सगळं मी पाहिलंय आणि त्याचा मला रागच येतो. तरी झाडू घेऊन येणारं दुसरं कुणी मला तिथे दिसलं नाही.

बोरिवलीच्या पश्चिमेचं मंडपेश्वर तर आणखी गुंतागुंतीचं. हेही शिवाचं लेणं, आत नटराजाचा देखणा पट. सोळाव्या शतकाच्या मध्यात फ्रान्सिस्कन पाद्री आंतोनियु दु पोर्तु याने लेण्याचं चर्च केलं आणि वर टेकडीवर मठ उभा राहिला. मंडपेश्वर हे नाव पोर्तुगीजांच्या जिभेवर मोनपेझिर झालं. एका दालनात दगड छाटून मोठा क्रूस कोरला आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, साष्टी मराठ्यांकडे आली आणि इथली प्रार्थना पुन्हा बदलली. आता वर चर्चच्या भिंतींचे अवशेष, खाली शिवलिंगावर अभिषेकाचं पाणी, आणि समोरच्या मैदानात क्रिकेट. मी गेलो तेव्हा क्रूसाच्या भिंतीपाशी एकाने चेंडू शोधता शोधता मला विचारलं, "सर, रील बनवताय का?"

इतकं झाल्यावर मला एक तरी देऊळ असं बघायचं होतं जिथे नाव आणि साल शाबूत आहे. म्हणून अंबरनाथ.

स्टेशनपासून दोनेक किलोमीटरवर वालधुनी नदीच्या काठी हे देऊळ आहे. नदीचं पाणी कारखान्यांनी काय करून ठेवलंय ते नाकालाच कळतं. पण देऊळ समोर आलं की बाकी सगळं विसरायला होतं. पायापासून वरपर्यंत एक बोट टेकवायला कोरी जागा नाही. देव, हत्तींच्या रांगा, नर्तकी. सभामंडपातून गाभाऱ्यात जायला वर चढायचं नाही, वीसेक पायऱ्या खाली उतरायचं. आणि खाली उभं राहून वर पाहिलं की शिखराच्या जागी उघडं आकाश. त्या दिवशी पाऊस होता. थेट पिंडीवर पडत होता.

उत्तरेच्या दारावर शिलालेख आहे. उत्तर कोकणचा शिलाहार राजा मुम्मुणी, लेखात माम्वाणि, याच्या कारकिर्दीतला, शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. याच मुम्मुणीचा भाऊ छित्तराज याचा १०२६ सालचा ताम्रपट भांडुपला सापडलाय. मध्य रेल्वेवर रोज धक्के खाणाऱ्या माणसांनी लक्षात ठेवावं, आपल्या स्टेशनांच्या नावाचे ताम्रपट आहेत.

तर इथे सगळं पक्कं. असं मला वाटलं होतं. पण १८६८ च्या सुमारास या लेखाकडे अभ्यासकांचं लक्ष गेलं आणि तो वाचला डॉ. भाऊ दाजींनी. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर, जुन्या लिप्यांचे त्या काळातले मोठे जाणकार. त्यांनी साल वाचलं शके ७८२. देऊळ दोनशे वर्षांनी म्हातारं झालं. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी पहिला आकडा तपासला आणि तो सात नसून नऊ आहे हे दाखवलं. हे भगवानलाल भाऊ दाजींच्याच हाताखाली तयार झालेले, त्यांच्यासाठी गावोगाव फिरून लेखांचे ठसे आणणारे. गुरूच्या वाचनातला आकडा शिष्याने दुरुस्त केला, आणि आज आपण सगळे शिष्याचाच आकडा सांगतो.

लोकलमध्ये परत येताना माझ्या डोक्यात तो सात आणि नऊच फिरत होता. दगडात कोरलेला आकडा, समोर उभा, वाचणारा त्या काळातला पहिल्या रांगेतला विद्वान, तरी चुकला. मी संग्रहालयातली पाटी वाचून आजीला एका ओळीत निकाली काढलं होतं. परळचं शिल्प शिवाचंच आहे, यात मला आजही शंका नाही. सगळ्या आकृत्यांच्या डोक्यावर जटा आहेत, सगळी घडण शैव आहे. पण १९३१ नंतर त्या शिळेचं जे काही झालं, ते पाटीवर कुठे होतं? संपातली ओटी कुठे होती?

घरी गेल्यावर आजीला हे सगळं सांगितलं. तिने अंबरनाथच्या पावसाचा व्हिडिओ दोनदा बघितला. जोगेश्वरीचं सांगितल्यावर म्हणाली, "तिथल्या बायकांना काही बोलला नाहीस ना?"

"नाही."

"बरं केलंस."

पुढच्या नवरात्रात तिच्या गुडघ्यांमुळे टॅक्सी केली. कपाटातला तोच खण तिने पिशवीत घेतला होता. देवळात गेल्यावर ती बराच वेळ शिल्पाकडे बघत राहिली. मग पदर सावरून, बोट दाखवत मोजायला लागली. मधले तीन. या अंगाचे दोन, त्या अंगाचे दोन. सात. मग जरा वाकून पायांशी बसलेले वाजवणारे मोजले. एक, दोन, तीन, चार, पाच.

"बारा झाले की रे," ती म्हणाली, आणि पिशवीतून नारळ काढला.