दरेकसाची वाट : एका खिंडीची कुळकथा

गोंदिया जिल्ह्याच्या ईशान्य टोकाला, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड या दोन राज्यांच्या सीमांना टेकून सालेकसा तालुका आहे. पश्चिमेला वैनगंगेच्या खोऱ्यातली धानाची सपाट शेती, पूर्वेला जंगलाने भरलेली डोंगररांग आणि तिच्यापलीकडे छत्तीसगडचे मैदान, अशी त्याची जागा. या रांगेत जिथे वाट सापडते, ते ठिकाण म्हणजे दरेकसा. हावड्याहून नागपूरमार्गे मुंबईला जाणारा लोहमार्ग इथूनच डोंगर ओलांडतो. गोंदियाहून पूर्वेला निघालेली गाडी गुदमा, आमगाव, धानोली, सालेकसा आणि दरेकसा ही स्थानके घेत बोगद्यात शिरते आणि बोरतलाव, पानियाजोब करत डोंगरगडला पोहोचते. दरेकसा महाराष्ट्रात आहे, बोरतलाव छत्तीसगडमध्ये.

ही रांग राज्यांची सीमा होण्याआधीपासून पाण्याची सीमा आहे. सालेकसाकडचे ओढे वाघ नदीला मिळतात. वाघ वैनगंगेला, वैनगंगा वर्धेला भेटून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीला. डोंगरगडच्या बाजूचे पाणी मात्र शिवनाथमार्गे महानदीला जाऊन ओडिशाच्या किनाऱ्यावर समुद्राला मिळते. दरेकसाजवळचा हाजरा धबधबा सालेकसाकडच्या उतारावरचा. पावसाळ्यात तो रेल्वेच्या डब्यातूनही दिसतो.

दोन खोऱ्यांमधली ये-जा किती जुनी आहे, याचा लेखी पुरावा रतनपूरच्या शिलालेखात सापडतो. कलचुरी राजा पहिला जाजल्लदेव याच्या इ.स. १११४ च्या या लेखात त्याला खंडणी देणाऱ्या प्रदेशांची यादी आहे. त्यात ‘लांजिका’ आणि ‘भाणार’ ही नावे येतात. लांजिका म्हणजे सालेकसाला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यातले लांजी आणि भाणार म्हणजे भंडारा. याचा अर्थ बाराव्या शतकाच्या सुरुवातीला छत्तीसगडमधल्या राजाचा वचक डोंगर ओलांडून वैनगंगेपर्यंत पोहोचला होता. पुढे सहाशे वर्षांनी सत्ता उलट्या दिशेने गेली. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचा सेनापती भास्करपंत बंगालच्या स्वारीवर जाताना रतनपूरला पोहोचला आणि तिथले राज्य भोसल्यांच्या ताब्यात आले. रघूजी भोसल्यांचा मुलगा बिंबाजी १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुरातून कारभार पाहत होता. १८५४ मध्ये नागपूर राज्य इंग्रजांनी खालसा केले, तेव्हा नागपूर आणि छत्तीसगड हे दोन्ही प्रांत एकाच मालकाकडून दुसऱ्या मालकाकडे गेले.

राज्य एक असले तरी रस्ता नव्हता. छत्तीसगडात धान मुबलक पिके, पण ते बाहेर नेण्याचे साधन म्हणजे बंजाऱ्यांचे तांडे. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून धान्य पश्चिमेला जाई आणि परतीच्या फेरीत मीठ येई. पावसाळ्याचे चार महिने वाहतूक जवळपास बंद पडे. त्यामुळे एका बाजूला धान्याला गिऱ्हाईक नाही आणि दुसऱ्या बाजूला दुष्काळ, असे दृश्य एकाच वर्षी दिसू शके.

इंग्रजांनी यावर आधी शोधलेला उपाय लोहमार्गाचा नव्हता, नदीचा होता. गोदावरी, प्राणहिता आणि तिच्या वरच्या नद्यांमधून बोटी चालवून मध्य प्रांताचा माल थेट पूर्व किनाऱ्यावर उतरवायचा, अशी ही योजना होती. धवळेश्वरमचे धरण बांधणारे सर आर्थर कॉटन जलवाहतुकीचे खंदे पुरस्कर्ते होते, आणि मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनीही या कामाला पाठबळ दिले. नदीत खडकांचे तीन मोठे अडथळे होते : दुम्मागुडेम, एंचमपल्ली आणि देवलमरी. त्यांना बगल देण्यासाठी बांध, कालवे आणि जलपाशांची कामे सुरू झाली. पण १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे नागपुरात पोहोचली आणि नदीच्या वाटेची गरजच कमी झाली. १८७१ मध्ये सरकारने वरच्या गोदावरीचे काम सोडून दिले.

याच काळात अमेरिकेत मिसिसिपीकाठचे सेंट लुईस शहर वाफेच्या बोटींवर वाढले आणि पुढे रेल्वेच्या जोरावर शिकागोने त्याचा बराच व्यापार ओढून नेला. वैनगंगेच्या खोऱ्यात मात्र बोटींचा टप्पा आलाच नाही. पवनी आणि भंडारा ही नदीकाठची जुनी गावे. पवनीत तर सातवाहनकाळाच्याही आधीपासूनच्या बौद्ध स्तूपांचे अवशेष १९६९-७० च्या उत्खननात सापडले. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्यापाराचे केंद्र झाले ते वैनगंगेच्या काठापासून दूर, रुळांवर वाढलेले गोंदिया.

१८७६-७८ च्या महादुष्काळाने रेल्वेचा निर्णय पक्का केला. नागपूर-छत्तीसगड रेल्वेचे काम १८७८ मध्ये सुरू झाले. हा मार्ग सरकारी मालकीचा आणि मीटरगेजचा होता, म्हणजे दोन रुळांमधले अंतर १,००० मिलिमीटर. नागपूरपासून भंडारा रोड आणि तुमसर रोड करत तो पूर्वेला सरकला आणि १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला राजनांदगावला पोहोचला. त्या वेळी राजनांदगाव ही संस्थानाची राजधानी होती आणि डोंगरगड खैरागड संस्थानात होते. त्यामुळे दरेकसाचा डोंगर ओलांडला की गाडी इंग्रजी मुलखातून संस्थानी मुलखात जाई.

सुमारे दीडशे मैलांच्या या मार्गात बहुतेक भाग सपाट आहे. खरे कष्ट पडले ते सालेकसाच्या पुढे. इथे रूळ वळणे घेत चढतात, दोन्ही बाजूंनी खडक फोडून वाट काढलेली दिसते आणि शेवटी डोंगराच्या पोटातून बोगदा जातो.

मीटरगेजमुळे एक अडचण उभी राहिली. मुंबईकडची रेल्वे ब्रॉडगेज, म्हणजे १,६७६ मिलिमीटर रुंदीची. छत्तीसगडचे धान्य नागपुरात एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरावे लागे. १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे ही कंपनी स्थापन झाली. तिने पुढल्या वर्षी हा मार्ग ताब्यात घेऊन ब्रॉडगेज केला आणि बिलासपूरमार्गे तो आसनसोलकडे वाढवला. १ फेब्रुवारी १८९१ पासून नागपूर ते आसनसोल मालवाहतूक सुरू झाली. १९०० मध्ये खरगपूरमार्गे हावड्याशी जोड मिळाली आणि दरेकसाची खिंड मुंबई व कलकत्ता या दोन महानगरांमधल्या मुख्य रस्त्यावर आली.

दुष्काळनिवारणासाठी आखलेल्या मार्गाची परीक्षा लगेच झाली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन्ही दुष्काळांत मध्य प्रांत होरपळला. रेल्वेने बाहेरून धान्य आणता आले, पण चांगल्या वर्षांत तीच रेल्वे गावातला साठा दूरच्या बाजारात ओढून नेत होती. गावागावांत धान्य राखून ठेवण्याची जुनी सवय मोडण्यातही तिचा हात होता.

गोंदियाला मात्र या वाटेचा लाभच झाला. १९०३ ते १९०५ या काळात नैनपूरमार्गे जबलपूरला जाणारी नॅरोगेज सुरू झाली आणि १९०८ मध्ये नागभीडचा फाटा निघाला. त्यामुळे गोंदिया जंक्शन झाले. भातगिरण्या आणि विडीचे कारखाने तिथे उभे राहिले. सालेकसाच्या जंगलातला तेंदूपत्ता आणि मोहफुले, तसेच शिवारातले धान यांनाही हीच बाजारपेठ मिळाली.

या वाटेच्या काठाला आणखी एक जुनी गोष्ट आहे आणि ती रेल्वेपेक्षा कितीतरी अधिक लोकांच्या मनात आहे. दरेकसाजवळ धनेगावच्या हद्दीत कचारगडच्या नैसर्गिक गुहा आहेत. कोया पुनेम हा धर्म मानणाऱ्या गोंड समाजाच्या श्रद्धेनुसार कली कंकाली मातेच्या तेहतीस खोडकर मुलांना इथल्या गुहेत कोंडून तोंडावर मोठा दगड ठेवण्यात आला होता. धर्मगुरू पारी कुपार लिंगो, जंगो रायताड आणि किंगरी वाजवणारा हिरासुका पाटालीर यांनी त्यांची सुटका केली. दगड सरकवताना हिरासुकाचा प्राण गेला. सुटलेल्या मुलांना लिंगोने शिकवले आणि त्यांच्यापासून गोंडांच्या सगा-शाखा झाल्या, अशी ही कथा आहे. गोंडांच्या लेखी कचारगड हे कुळांचे उगमस्थान ठरते ते यामुळे.

या कथेचा छापील इतिहास रेल्वेच्याच पिढीतला आहे. नागपूरच्या स्कॉटिश मिशनचे स्टीफन हिस्लॉप यांनी एका परधान गायकाकडून लिंगोचे दीर्घ गीत उतरवून घेतले होते. परधान हे गोंडांचे परंपरागत भाट. १८६३ मध्ये हिस्लॉप नदीत बुडून मरण पावले आणि त्यांची टिपणे १८६६ मध्ये प्रसिद्ध झाली. संपादक होते रिचर्ड टेंपल. गोदावरीच्या जलमार्गाला पाठबळ देणारे ते हेच अधिकारी. त्या गीतात महादेव गोंडांना धवलगिरीच्या गुहेत कोंडतो, चौघे निसटतात आणि ‘कचिकोपा लोहागड’ नावाच्या ठिकाणी जातात. पुढे लिंगो बाकीच्यांना सोडवतो. ‘कच्ची’ म्हणजे गोंडीत लोखंड, म्हणून इंग्रज अभ्यासकांनी या नावाचा अर्थ ‘लोखंडाची दरी, तांबडा डोंगर’ असा लावला. हे ठिकाण नेमके कोणते, यावर मते वेगळी होती. काहींनी ते पचमढीच्या महादेव डोंगरात शोधले.

कचारगड हेच ते ठिकाण, हे मत पुढे मांडले गेले ते गोंड समाजातल्या अभ्यासकांकडून. नागपूरच्या रिझर्व्ह बँकेत नोकरी करणारे भाषाशास्त्रज्ञ मोतीराम कंगाली (१९४९-२०१५) हे त्यांतले प्रमुख. गोंडी भाषा, धर्म आणि पुराणकथा यांवर त्यांनी विपुल लेखन केले. इंग्रजी नोंदीतल्या गीतात कोंडवाड्याची गुहा आणि लोहागड ही दोन वेगळी ठिकाणे आहेत, तर कचारगडच्या परंपरेत ती एकच होतात. मौखिक कथांमध्ये असे होणे नवे नाही. प्रत्येक प्रदेशातला गायक कथेला आपल्या ओळखीच्या डोंगरावर आणून ठेवतो.

आजच्या रूपातली कचारगडची जत्रा १९८० च्या दशकातली आहे. अभ्यासक आणि कार्यकर्त्यांच्या लहान गटाने माघ पौर्णिमेला इथे येण्याचा प्रघात सुरू केला. पुढे महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशा, झारखंड अशा राज्यांतून लाखो भाविक येऊ लागले. पूजा, सगा-शाखांच्या पेनांच्या, म्हणजे देवांच्या, पालख्या, सप्तरंगी ध्वज, ‘जय सेवा’चा घोष, आणि त्याबरोबर भाषा व शिक्षण यांवरची भाषणे असे जत्रेचे स्वरूप आहे. दूरच्या यात्रेकरूंना इथवर आणते ती बहुतेक वेळा हीच रेल्वे.

वाट जागेवर राहिली, तिच्या भोवतालचे नकाशे मात्र वारंवार बदलले. सालेकसाचा परिसर १८५४ पर्यंत भोसल्यांच्या नागपूर राज्यात होता. १८६१ मध्ये तो मध्य प्रांतात आला. १९०३ मध्ये वऱ्हाड जोडले गेल्यावर प्रांताच्या नावात भर पडली. १९५० मध्ये तो मध्य प्रदेशात, १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात गेला. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा झाला. १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड राज्य झाले, तेव्हा बोगद्यापलीकडच्या शेजाऱ्याचे नावही बदलले. रेल्वेच्या पाट्याही अशाच बदलल्या. बंगाल नागपूर रेल्वे १९४४ मध्ये सरकारने घेतली. त्यानंतर १९५२ मध्ये पूर्व रेल्वे, १९५५ मध्ये दक्षिण पूर्व रेल्वे आणि २००३ पासून बिलासपूरला मुख्यालय असलेली दक्षिण पूर्व मध्य रेल्वे, असा हा क्रम आहे.

तालुक्याच्या मुख्य गावातही हद्दीचा असाच एक पेच उभा राहिला. सालेकसाच्या नावाने चालणारी बरीच सरकारी कार्यालये आणि वस्ती लगतच्या आमगाव खुर्दच्या हद्दीत वाढली. हे आमगाव शेजारच्या आमगाव तालुक्याच्या ठिकाणाहून वेगळे. सालेकसाला नगरपंचायत मिळाली तेव्हा आमगाव खुर्द तिच्याबाहेर राहिले आणि त्याच्या समावेशाची मागणी पुढे आली.

राजनांदगाव ते नागपूर या २२८ किलोमीटरच्या टप्प्यात तिसरा लोहमार्ग टाकण्याचे काम २०१५-१६ मध्ये मंजूर झाले. त्यासाठीही डोंगर ओलांडायची जागा तीच ठरली : सालेकसा, दरेकसा, बोरतलाव.