मोबदला की बंधन? : महार वतन आणि सरकारी चाकरीतील प्रेरणेचा प्रश्न

सार्वजनिक सेवेतील कर्मचाऱ्याची कार्यप्रेरणा व समाधान मोबदल्यावर कितपत अवलंबून असते, हा व्यवस्थापनशास्त्रातील एक प्रमुख प्रश्न होय. फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये असे प्रतिपादन केले की, पुरेसे वेतन असमाधान टाळते. समाधान मात्र कामातील यश, मान्यता व जबाबदारी यांतून लाभते. मुंबई इलाख्यातील महार वतनाचा इतिहास पाहता या प्रश्नाची निराळीच बाजू समोर येते.

१८७४ च्या वतन कायद्याच्या चौकटीत महार हा कनिष्ठ गावकामगार होता. सरकारी निरोप पोहोचविणे, सारावसुलीसाठी रयतेस चावडीवर बोलाविणे, दौऱ्यावरील अंमलदारांच्या दिमतीस राहणे ही कामे त्याच्याकडे असत. कामास वेळेची मर्यादा नव्हती. वतनदार हजर नसल्यास घरातील दुसऱ्या कोणास तरी जावे लागे. मोबदला म्हणजे मुख्यतः इनाम जमीन व रयतेकडून मिळणारे बलुते. जमिनीचे पिढ्यान्‌पिढ्या तुकडे होत गेले, शिवाय तिच्यावर जुडी भरावी लागे. बलुत्याचा प्रकार तर अधिकच विलक्षण म्हटला पाहिजे. चाकरी सरकारची आणि पगार शेतकऱ्याच्या खळ्यावर! रयतेची मर्जी फिरली की बलुते बंद. माणुसकीचे हक्क मागणाऱ्यांविरुद्ध हे हत्यार सहज उपसता येई.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’मधून या व्यवस्थेची चिकित्सा केली. वतनाच्या तुटपुंज्या आशेने समाज गावाशी जखडला जाऊन त्याची महत्त्वाकांक्षा खुंटली, असे त्यांचे निदान होते. अनेक वतनदारांना मात्र वतन हा पूर्वापार हक्क वाटे. ते समाधान खोटे होते असे म्हणता येत नाही. परंतु तेच सुटकेच्या आड येत होते. १९२८ मध्ये आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. बलुत्याचे रोख रकमेत रूपांतर, कामांची निश्चिती आणि पूर्ण सारा भरून जमीन राखून चाकरीतून मोकळे होण्याची मुभा, या त्यातील प्रमुख तरतुदी होत्या. यांतील शेवटची तरतूद सर्वांत महत्त्वाची. कारण चाकरी नाकारण्याची सोयच नसेल तर प्रेरणेची चर्चा निरर्थक ठरते. १९२९ मध्ये विधेयक मागे घ्यावे लागले.

कनिष्ठ गाववतने अखेर १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. गावपातळीवरील ती कामे पुढे कोतवालांकडे आली. त्यांना मिळू लागले ते मानधन. चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्याचा दर्जा मिळावा म्हणून कोतवालांना वारंवार आंदोलने करावी लागली.